काठिण्य पातळी

बी.एड.ला असताना आम्हाला घटक चाचणीचा संविधान तक्ता करावा लागे. उद्दिष्टे, आशय, प्रश्नप्रकार आणि काठिण्य पातळी. सोपे प्रश्न किती, मध्यम किती, कठीण किती, हे गुणांसकट चौकटींत भरायचे आणि उभी-आडवी बेरीज जुळवायची. उर्दू माध्यमातून शिकून आलेल्या आम्हाला 'काठिण्य' हा शब्द उच्चारतानाच पहिले काठिण्य जाणवले. आमच्या गटातला एक मित्र म्हणायचा, "यार, ये लफ्जच मुश्किल वाले खाने में डालने का!" तक्ता कसाबसा भरला, गुण मिळवले आणि विसरून गेलो. त्याची आठवण पुन्हा आली ती २०२५ च्या रमजानमध्ये. तीही शाळेत नव्हे, तरावीहनंतर मोबाइलवर खेळताना.

इथे 'आम्ही' म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवे. उर्दूत स्वतःला 'हम' म्हणायची आमची सवय मराठी लिहितानाही सुटत नाही. पण त्या रात्रींत आम्ही खरोखरच चौघे होतो. एक आम्ही, दुसरा किराणा दुकान चालवणारा आमचा धाकटा भाऊ, तिसरे आमच्याच शाळेतले एक सहकारी आणि चौथा बहिणीचा मुलगा, नववीत शिकणारा. वयाने सर्वांत लहान, पण टोळीचा म्होरक्या तोच. दिवसा आम्ही त्याला गणित शिकवायचे आणि रात्री त्याने आम्हाला शिकवायचे, असा करार होता.

गंगाखेड हे गोदाकाठचे गाव. संत जनाबाईंचे गाव म्हणून वारकरी इथे येतात. परभणीहून परळीकडे जाणारी रेल्वे इथूनच जाते. त्या वर्षी रमजान मार्च महिन्यात आला होता आणि दुपारी ऊन चांगलेच तापू लागले होते. इफ्तार, मगरिब, थोडे जेवण, मग इशा आणि तरावीह. मशिदीतून परतल्यावर झोप येत नसे. आमच्या लहानपणी या वेळेत गल्लीत दिव्याखाली कॅरम चाले. आता त्याच ओट्यावर पोरे रांगेने बसलेली असतात, प्रत्येकाच्या तोंडावर निळसर उजेड.

असे खेळ आमच्याकडे आले ते स्वस्त इंटरनेटच्या मागून. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात तो गेला. जुलै २०२१ मध्ये तो भारतापुरत्या नव्या नावाने, बीजीएमआय म्हणून परत आला. जुलै २०२२ मध्ये तोही दुकानातून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा दिसू लागला. आमच्या भाच्याला पानिपतच्या लढायांची सनावळी सांगता येत नाही, पण ही सनावळी तोंडपाठ आहे. आम्ही खेळत होतो तो खेळ यातला नव्हता. त्याचे नाव इथे घेत नाही. आमच्या बाबतीत जे झाले ते त्या एकाच खेळाचे दुखणे नव्हे.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येक खेळाडूचा एक योद्धा. त्याच्या शस्त्रांवरून, चिलखतावरून एक आकडा ठरतो, त्याला मुले 'पॉवर' म्हणतात. एरवी मनाला येईल तेव्हा खेळावे. पण मधूनमधून एखादा 'इव्हेंट' जाहीर होतो. चौदा दिवस, दहा टप्पे. चौघांची टोळी करून दुसऱ्या चौघांशी लढायचे. जिंकले की एक तारा, हरले की मिळालेला तारा परत. दहावा टप्पा गाठणाऱ्या टोळीला सोनेरी घोडा. घोड्याचा उपयोग काहीच नाही, पण तो आपल्याकडे आहे हे साऱ्या गावाला दिसते.

पहिले सहा टप्पे आम्ही दोन रात्रींत पार केले. सहकारी म्हणाले, "सर, उगीच घाबरत होतो आपण." सातव्या टप्प्यावर मात्र कुणीतरी जमीनच तिरकी करावी तसे झाले. समोर येणाऱ्या टोळ्या आमच्या एका घावाला दोन घाव घालू लागल्या. आम्ही शस्त्रे सुधारली, पॉवर वाढवली. समोरच्यांचीही वाढली. आम्ही दोन पायऱ्या चढलो की जिनाच तीन पायऱ्यांनी उंच होई. रात्री दोनपर्यंत चार तारे मिळवायचे आणि सहेरीपूर्वी पाच घालवायचे, असा हिशेब चालला.

मास्तराची खोड अशी की, गोष्ट वहीत मांडल्याशिवाय समाधान होत नाही. शाळेतली एक जुनी वही घेऊन आम्ही रकाने आखले. आमची पॉवर, समोरच्यांची पॉवर, निकाल, त्याआधी काही विकत घेतले की नाही. साठ सामने नोंदवले. साठ सामन्यांची वही म्हणजे संशोधन नव्हे, हे आम्ही जाणतो. पण तीन गोष्टी उघड दिसत होत्या. आमची पॉवर वाढली की समोरची वाढे. लागोपाठ चार सामने हरलो की पाचव्यात भिंतीशी उभे राहून आकाशात गोळ्या झाडणारे भोळे वैरी येत. भाच्याने सांगितले, ती माणसे नसतात, बॉट असतात. आणि काही विकत घेतले की पुढचे दोन-तीन सामने हमखास आमचे.

विकत घेतले कुणी? आम्हीच. पहिल्यांदा ८९ रुपयांचा एक पेटारा घेतला. भाच्याला वाटले धाकट्या मामाने घेतला, भावाला वाटले सहकाऱ्यांनी. कुणी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. पेटाऱ्यातून निघालेल्या तलवारीने एक रात्र फार छान गेली. दुसऱ्या रात्री ती तलवार सर्वांच्याच हातात दिसू लागली. मग पुन्हा ८९. असे पाच वेळा. आणि नवव्या टप्प्याच्या उंबरठ्यावर, सत्ताविसाव्या शबेच्या आदल्या रात्री, ४४९ चा एक. त्या रात्री लोक इबादतीची तयारी करीत होते आणि बी.एड. झालेला एक मास्तर चादरीखाली मोबाइल धरून यूपीआयचा पिन टाकीत होता. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण लिहिले नाही तर पुढचे लिहिण्याचा हक्क उरणार नाही.

हरण्याची सवय आम्हाला आहे. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आमचा नेम खरोखर सुधारला होता, चौघांची जुळणी जमली होती, कुणी पुढे जायचे, कुणी मागे राहायचे हे न बोलता कळू लागले होते. त्या सुधारण्याला काही मोलच नव्हते. जितके चांगले खेळावे तितकी शिक्षा. शेवटी भाच्याने उपाय सांगितला. "मामू, जानबूझ के हारो. तीन-चार मॅच हारे तो सामने कच्चे लोगां आते. फिर सितारे जमा करने का." आम्ही तसेच केले. चार डोकी, त्यांतली दोन पदवीधर, रात्री एक वाजता मुद्दाम हरत बसली होती. आणि उपाय लागू पडला.

त्याच आठवड्यात वर्गात एक गोष्ट घडली.

आमच्या वर्गात पाचवीतली एक मुलगी आहे. वडील हमाली करतात, आई घरी शिवणकाम करते. मुलगी हुशार, पण अबोल. भागाकार तिला लवकर समजला, म्हणून आम्हाला फार आनंद झाला होता. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवू, असे मनात ठरवूनही टाकले. तिने एक उदाहरण बरोबर सोडवले की आम्ही लगेच म्हणायचो, "शाब्बास! आता हे कर." ते झाले की त्याहून अवघड. इतर मुले दहा उदाहरणे करून पाटी ठेवीत आणि खेळायला पळत. तिची उदाहरणे मात्र संपतच नसत. कधीकधी सुटीची घंटा झाल्यावरही ती एकटी वहीत डोके घालून बसलेली असे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिची वही चुकांनी भरू लागली. ७२ भागिले ८ चे उत्तर ७. ४५ भागिले ९ चे ६. ज्या मुलीला तीन अंकी भागाकार येत होता तिच्या या चुका पाहून आम्ही आधी चिडलो, मग घाबरलो. रोजा लागत असेल, घरी काही झाले असेल. शेवटी तिला जवळ बसवून विचारले. बराच वेळ ती ओढणीचे टोक पिरगाळत राहिली. मग म्हणाली, "सर, सही करे तो तुम और मुश्किल देते. गलत करे तो आसान देते. फिर छुट्टी होती."

आमच्या तोंडून शब्द निघेना. आदल्या रात्री ओट्यावर आम्ही जे करीत होतो तेच ती वर्गात करीत होती. फरक एवढाच की तिच्या खेळातला जिना उंच करणारे आम्ही होतो.

ईदच्या सुटीत या विषयावर जे मिळेल ते आम्ही वाचले. बी.एड.च्या पुस्तकात वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचे प्रकरण होते. मुलाला एकट्याने जमते ते एक आणि कुणी हात दिला तर जमते ते दुसरे. शिकवणे या दोहोंच्या मधल्या जागेत व्हावे, असे तो सांगतो. म्हणजे अवघड देणे हा गुन्हा नव्हे. फार सोपे दिले तर मूल कंटाळते, फार अवघड दिले तर हात टेकते. चांगला खेळही हेच करतो. पातळी वाढलीच नाही तर खेळात राम कसला?

पण पातळी कोण वाढवतो आणि कशासाठी, हा प्रश्न राहतोच. अमेरिकेतल्या ॲक्टिव्हिजन या मोठ्या खेळ-कंपनीला ऑक्टोबर २०१७ मध्ये एक पेटंट मिळाले. त्यात लिहिलेली युक्ती अशी. नवख्या खेळाडूची गाठ अशा तरबेज खेळाडूशी घालायची की ज्याच्या हातातले शस्त्र पाहून नवख्याला ते घ्यावेसे वाटेल. त्याने ते विकत घेतले की पुढचा सामना असा लावायचा की तिथे ते शस्त्र खूप उपयोगी पडावे, म्हणजे पैसे सार्थकी लागल्यासारखे वाटतील. ही पद्धत आपल्या कोणत्याही खेळात वापरलेली नाही, असे कंपनीने तेव्हा सांगितले. त्याच वर्षी काही संशोधकांनी एक निबंध मांडला. सामने बरोबरीचे लावण्याऐवजी खेळाडू खेळ सोडून जाण्याची शक्यता कमीत कमी राहील असे लावावेत, अशी ती मांडणी होती. कुणी किती हारजितींनंतर निघून जातो, याचा त्यांनी हिशेब केला होता. आमच्या खेळात असेच काही होते की नव्हते, हे आमच्या वहीवरून सिद्ध होत नाही. पण असा विचार करणारी माणसे जगात आहेत, हे कळल्यावर त्या ४४९ रुपयांकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

याच्या उलट एक उदाहरण बुद्धिबळाचे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो यांनी खेळाडूंना गुणांकन देण्याची एक रीत काढली. जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. बलवानाकडून हरलात तर थोडे गुण जातात, दुबळ्याकडून हरलात तर जास्त. गणित उघड आहे, कागद-पेन्सिल घेऊन कुणीही करावे. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. यादीत आपल्याहून वर असलेल्यांना तिने हरवले. समोरची किती भारी आहे हे तिला माहीत होते, जगाला माहीत होते. म्हणूनच त्या जिंकण्याला अर्थ होता.

इतके लांब कशाला जावे? लहानपणी आम्ही जत्रेत आणि उरुसात कुस्त्यांचे फड पाहिले आहेत. सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी. चिमुरडी पोरे मातीत लोळायची आणि मूठभर रेवड्या घेऊन उड्या मारीत जायची. मग इनामाची रक्कम वाढत जाई, गडी भारी होत जात आणि सर्वांत मोठी कुस्ती शेवटी लागे. तीही काठिण्य पातळीच होती. पण जोड लावायची ती भर फडात. पंच दोघांना समोरासमोर उभे करीत, हात उंचावून फिरवीत. जोड विजोड वाटली तर लोक ओरडत, "जोड बरोबर नाही!" आणि पंचाला ऐकावे लागे. आमच्या मोबाइलमध्ये जोड लावणारा पंच दिसत नव्हता, त्याला ओरडून सांगायची सोय नव्हती, आणि इनाम वाटणारा, रेवड्या विकणारा आणि जोड लावणारा हे तिघे एकच होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी घातली. आमच्या अम्मींनी बातमी ऐकली आणि सुटकेचा श्वास टाकला, "चलो, जुआ बंद हुआ." त्यांना कसे सांगावे? आमच्या खेळात पैसे जिंकायचे नव्हतेच, फक्त घालायचे होते. जुगाऱ्याला निदान आपण जुगार खेळतो आहोत हे ठाऊक असते.

चाँदरातीला आम्ही फित्र्याचा हिशेब करायला बसलो होतो. घरात सहा माणसे. मशिदीत जाहीर झालेल्या दराने सहाने गुणले आणि रक्कम काढून ठेवली. मग काय वाटले कोण जाणे, त्याच कागदावर खाली पाच गुणिले ८९ अधिक ४४९ मांडले. ८९४ रुपये. घरातल्या सहाही जणांच्या फित्र्यापेक्षा जास्त. पत्नी समोर शीरखुर्म्यासाठी बदाम कापीत होती. तिला कागद दाखवला आणि सगळे सांगितले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "उस बच्ची के बाप को दिन भर की हमाली के कितने मिलते, मालूम है ना?" ती वाक्ये बोलत नाही, चिमटे काढते. तेवढीच रक्कम आम्ही वेगळी काढली आणि कुठे द्यायची ती दिली. सोनेरी घोडा मिळाला नाही. नवव्या टप्प्यावर इव्हेंट संपला.

जून महिन्यात शाळा उघडल्यावर वर्गात आम्ही तीन डबे ठेवले. बिस्किटांचेच रिकामे डबे. एकावर 'आसान', दुसऱ्यावर 'दरमियानी', तिसऱ्यावर 'मुश्किल' असे लिहिले. आत उदाहरणांच्या चिठ्ठ्या. नियम दोन. डबा ज्याचा त्याने निवडायचा, हवे तेव्हा बदलायचा. आणि दहा चिठ्ठ्या झाल्या की काम संपले, मग त्या कोणत्याही डब्यातल्या असोत. दहानंतर अकरावी चिठ्ठी सर देणार नाहीत, हे वर्गासमोर कबूल केले. कबूल करणे सोपे होते, पाळणे जड गेले. हुशार मूल दहा चिठ्ठ्या संपवून रिकामे बसले की आमचा हात आपोआप खडूकडे जातो. मग आम्ही हात खिशात घालतो.

इथले प्रत्येक पोर, उर्दू शाळेतलेही, जनाबाईंच्या जात्याची गोष्ट ऐकून वाढते. रात्रभराचे दळण आणि जनी एकटी, तेव्हा पांडुरंग येऊन जाते ओढू लागला, अशी ती गोष्ट. आम्हाला तिच्यातले एक आता विशेष वाटते. दळण कमी झाले नाही. जाते तेच, धान्य तेवढेच. खुंट्याला दुसरा हात लागला. आणि धान्य सरले की जातेही थांबले. माणसावर त्याच्या कुवतीइतकेच ओझे असते, हा दिलासा आम्हाला लहानपणापासून मदरशात मिळाला. मास्तराच्या हातून ओझे ठरत असेल तर त्यानेही हा हिशेब ठेवायला हवा, हे मात्र आम्हाला पाचवीतल्या एका मुलीकडून कळावे लागले.

ती आता सहावीत आहे. डबे ठेवल्यावर जवळजवळ महिनाभर ती 'आसान'मधूनच चिठ्ठ्या घेत राहिली. दहा झाल्या की सर्वांच्या आधी बाहेर. आम्ही बघत राहिलो, बोललो नाही. शिष्यवृत्तीचा विषयही काढला नाही. एके दिवशी नऊ झाल्यावर तिने दहावी चिठ्ठी 'मुश्किल'मधून उचलली. बराच वेळ बसली. उत्तर चुकले. चिठ्ठीची घडी करून तिने ती परत डब्यात टाकली आणि खेळायला गेली. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या दप्तर ठेवण्याआधी ती डब्यापाशी गेली आणि सगळ्या चिठ्ठ्या उलट्यापालट्या करून कालची तीच शोधू लागली.

भाचा आता दहावीत आहे. परवा संध्याकाळी आला आणि म्हणाला, "मामू, नया इव्हेंट आया. इस बार बारा टप्पे." आम्ही म्हणालो, "आधी त्रिकोणमितीची दहा उदाहरणे." तो म्हणाला, "दहाच ना? अकरावे नाही ना?" आम्ही म्हणालो, "अल्लाह कसम, अकरावे नाही."